गाडी बसू दे

काचेच्या त्या नळीत, दोन पितळी टोप्यांच्या मधे, एक काळा डाग होता — काल संध्याकाळी आतली तार वितळली तेव्हा उमटलेला — आणि मिस्त्री ईरप्पा ती नळी उजेडाकडे धरून बोटांत फिरवत होता, तारेचं एक टोक अजून दुसऱ्याला चिकटलेलं दिसेल म्हणून... कुठलं दिसायला. जळला तो जळलाच. गाडीबरोबर परदेशातून असे तीन फ्यूज आले होते, त्यातला हा तिसरा. आणि सध्या गाडीत जो बसवला होता तो फ्यूज नव्हताच. आधीच्या एका जळक्या नळीला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून त्याने केलेलं सोंग होतं ते. ते सोंग घेऊन गाडी सकाळी साडेसहाला सांगोल्याला गेली होती.

गाडी धर्मादाय दवाखान्याची, एक्स-रेची. गावोगाव जाऊन क्षयाच्या रोग्यांच्या छातीचे फोटो काढणारी. तिला पाट्यांच्या स्प्रिंगा नव्हत्या. यंत्राला धक्का बसू नये म्हणून चार चाकांवर हवेने भरलेले चार रबरी फुगे, आणि त्या फुग्यांना हवा पुरवायला बॅटरीवर चालणारा नारळाएवढा कॉम्प्रेसर. वजन वाढून गाडी दबली की तो घरघरायचा, गाडी पुन्हा वर उचलायचा आणि गप्प व्हायचा. दोन मिनिटं काम, दहा मिनिटं विश्रांती — त्याचा स्वभावच तसा. पण फुगा कुठे गळत असला तर बिचाऱ्याला विश्रांती कुठली? तो चालतच राहतो, तापतो, आणि मग फ्यूज जळून त्याला थांबवतो. म्हणजे शहाणपण काय ते त्या काडीएवढ्या तारेत होतं, आणि ईरप्पाने तिचंच तोंड बांधलं होतं.

गिरणीचा भोंगा झाला. सात. म्हणजे गाडी अजून मंगळवेढ्याच्या अलीकडेच... त्याने ॲम्ब्युलन्सचं चाक खोलायला घेतलं, चार नट सोडवले, पाचवा सोडवताना आधीचे चार कुठे ठेवले ते आठवेना.

मी असा नव्हतो. — हे त्याला स्वतःलाच सांगावंसं वाटत होतं. मी एकदा खरं बोललो होतो, तेव्हा काय मिळालं मला? मागच्या महिन्यात कॉम्प्रेसर जरा जास्त वेळ घरघरला, तर मी ऐन वेळी गाडी अडवली. आज न्यायची नाही, डॉक्टरबाईंना म्हणालो. सांगोल्याला माणसं उन्हात ताटकळून परत गेली, कुणी दहा-दहा मैल चालत आलेली. आणि दोन दिवस सगळं खोलून सापडलं काय? हवेच्या जाळीत अडकलेला मागांवरचा कापूस! चिमूटभर तूस, जे या सोलापुरात नाकातसुद्धा सापडतं. बाईंनी नुसती वहीत पुढची तारीख लिहिली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण हिशेबनीस गुरुबसप्पा ऑफिसच्या दारात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, “मिस्त्री, गाडीला नवरीसारखं जपता खरं, पण नांदायला कधी धाडणार?” सगळे हसले. ईरप्पाही हसला होता, आणि ते हसणं महिनाभर त्याच्या घशात हाडासारखं अडकून होतं.

म्हणून काल, जाळी स्वच्छ असूनही फ्यूज जळला आणि साबणाच्या पाण्याने मागच्या डाव्या फुग्याच्या घडीवर बुडबुडे दाखवले — वजन आलं की मोठे, वजन उतरलं की मुंगीच्या डोळ्याएवढे — तेव्हा खरं म्हणजे त्याने बोलायला हवं होतं. नवा फुगा बोटीने यायला सहा महिने. तेवढ्यात बाई आल्याच. “ईरप्पा, उद्या निघेल ना गाडी?” त्यांच्यामागे गुरुबसप्पा. तो हसतही नव्हता, नुसता चष्मा पुसत होता... “निघंल की, बाई. झालंय काम.” शब्द तोंडातून पडले आणि पडल्यावर उचलता येईनात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकणाऱ्याचं मनगट किती दुखतं ते कोणी सांगत नाही.

दहा वाजले. वाटेत काही झालं असतं तर एव्हाना कळलं असतं. त्याच्या जिवात जीव आला. साडेदहाला त्याने चहा घेतला, अकराला बायको शांतम्माने दिलेला डबा उगाच लवकर उघडला, कडक भाकरी शेंगाचटणीवर मोडली. समोर दवाखान्याच्या पायऱ्यांवर रोग्यांची रांग होती. एक माणूस चढत होता, एक उतरत होता. चढत होता, उतरत होता. ईरप्पा भाकरी चावत बघत राहिला आणि घास तोंडातच थांबला.

रस्त्यावर धोका नव्हताच. रस्त्यावर वजन तेवढंच राहतं. धोका उभ्या गाडीत होता! सत्तर माणसं, प्रत्येक जण चढणार, गाडी दबणार, कॉम्प्रेसर उचलणार, तो उतरणार, गाडी वर येऊन हवा सोडणार, पुन्हा दुसरा... वर तो फुगा गळतोय. विश्रांती एका मिनिटाची नाही. आणि कॉम्प्रेसर कुठे? गाडीतल्या खोलीच्या फळीखाली, फिल्मच्या पेटीला लागून. वायर पेटली तर आत अंधार, दार बंद, बाई, त्यांच्यासमोर छाती टेकून श्वास रोखलेलं कुणीतरी... आणि बाहेर जोतीराम ड्रायव्हर, जो धूर दिसला तर आधी आत उडी मारणार.

मग काय, पुन्हा गाडी बंद? पुन्हा ती माणसं परत? आणि त्याच वेळी, हातात अर्धी भाकरी असताना, त्याला ते इतकं साधं सुचलं की त्याची त्यालाच लाज वाटली: गाडी खाली बसू द्यायची. चेसिसखाली चार दगड लावायचे. दगडावर टेकलेली गाडी कुणी चढलं तरी बापजन्मात हलत नाही. मग हवा कशाला आणि कॉम्प्रेसर कशाला? सांगोल्यात पाण्याची वानवा असेल, दगडांची नाही. काल संध्याकाळीच हे बाईंना सांगितलं असतं तर खोटंही बोलावं लागलं नसतं आणि शिबिरही झालं असतं. पण काल तो गाडीचा विचार करतच नव्हता. गुरुबसप्पाच्या हसण्याचा करत होता.

तो ऑफिसात गेला. “सांगोल्याच्या सरकारी दवाखान्यात अर्जंट कॉल लावायचा हाय. जोतीरामच्या नावानं. गाडी तितंच आवारात हुबी हाय.”

गुरुबसप्पाने मान वर केली. “निरोप काय? सांगा, मी देतो की.”

“मलाच बोलायचंय.”

पावणेदोन तास तो फोनसमोर बसला. घंटा वाजली तेव्हा दोघेही दचकले.

“अण्णा!” जोतीरामचा आवाज दूरवरून, पण हसरा. “काय काळजी करू नगा. चाळीस मानसं झाली, तीस ऱ्हायली. गाडी कशी ताठ हुबी हाय बगा! बाई बी म्हनल्या, ईरप्पाचं काम म्हंजे काम.”

त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाटली ती... निराशा. अजून जळलं नाही? — हे वाक्य त्याच्या मनात इतकं स्पष्ट उमटलं की त्याने रिसीव्हर क्षणभर कानापासून दूर धरला. म्हणजे सकाळपासून तो नुसता घाबरत नव्हता, तर धुराची वाट पाहत होता. धूर निघाला असता तर मागच्या महिन्यातली त्याची भीती खरी ठरली असती, हसणाऱ्यांचे दात घशात गेले असते... आणि त्या धुरात बाई होत्या, हा हसणारा जोतीराम होता. असला मी? असला मी.

“जोतीराम, ऐक. आदी सगळ्यांस्नी खाली उतरीव. मग कॉम्प्रेसरची वायर बॅटरीवरनं काढ.”

“आत्ता? मिशनीपुडं येक म्हातारी हाय, अण्णा...”

“तिलाबी उतरीव. चेसिसखाली चार दगड लाव, चांगले चौकोनी. बाजूनं सरकव, सोता खाली जाऊ नगंस. मग हवेच्या टाकीची तोटी सोड. गाडी बसू दे. दगडावर टेकली की काम चालू करा, काय बिगडत न्हाय. येताना हळू या.”

“पर झालंय काय?”

गुरुबसप्पाचं पेन थांबलं. शिपाई दारात उभा होता. ईरप्पाने आवाज खाली केला नाही. केला असता तरी सांगोल्यापर्यंत पोचला नसता.

“मागचा डावा फुगा गळतोय. मला कालच ठावं होतं. तितं फ्यूज न्हाय, मी चांदी गुंडाळलीया. बाईंस्नी सांग — ईरप्पा खोटं बोलला म्हनावं. आन् कॉम्प्रेसरला हात लावू नगंस, तापला असंल...”

पलीकडून “अण्णा—” एवढंच आलं, आणि कॉलची तीन मिनिटं संपल्याचं सांगून ऑपरेटरने लाईन तोडली. शेवटचं त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे.

ऑफिसात पंखा फिरत होता. कोणी हसलं नाही. गुरुबसप्पाने फोन स्वतःकडे ओढला, “दुसरा कॉल लावतो,” म्हणाला आणि एक्स्चेंजचा नंबर फिरवू लागला.

ईरप्पा बाकावर बसला. नोकरी जाईल का, बाई काय म्हणतील, हे प्रश्न त्याने आठवून पाहिले. ते कुणा दुसऱ्याचे वाटले. डोळ्यांपुढे नुसतं आवार होतं, उन्हातून गाडीकडे धावणारा जोतीराम होता, आणि त्याची ती जुनी खोड — कुठलीही गोष्ट गरम आहे का ते आधी तळहात टेकवून बघायची. भीती सकाळी होती तेवढीच होती, तसूभरही कमी झाली नव्हती. पण सकाळपासून पहिल्यांदाच ती स्वतःसाठी नव्हती.