डोळेबाबाचा ऊस

संपाचं दुसरं वर्ष लागलं आणि लालबागच्या त्या चाळीत माणसांना वेळच वेळ झाला. गिरण्यांचा भोंगा बंद, मग चाळीत मुक्कामाला आलेल्या डोळेबाबापुढे गर्दी होणार नाही तर काय! चौकात प्रत्येक घराचा एक डबा मांडलेला. डब्यात चाळीमागच्या वारुळाची माती, वळवळत्या वाळवीसकट, आणि तिच्यात बाबाने मंतरलेली उसाची कांडी.

“उसाला डोळा असतो,” कांडीवरचा फुगीर ठिपका दाखवत बाबा म्हणाला. “तो घरातलं सगळं बघतो. पापी घराचा ऊस आठ दिवसांत वाळवी फस्त करते. पुण्यवानाच्या उसाला शिवत नाही.”

माणसं सगळी कोकणातली. भात, नारळ, सुपारी विचारा; उसाशी त्यांची ओळख रसाच्या ग्लासापुरती. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले.

बाबाला ज्यांनी जेवू घातलं, त्यांचे ऊस ठणठणीत राहिले. गुणाजीच्या शेवंतीने त्याला नुसता कोरा चहा पाजला होता. तिची कांडी आतून पोखरलेली, मातीने भरलेली निघाली. आणि तिच्या कालिंदीचं लग्न महिन्यावर आलेलं! होणारे व्याही तुळशीदास चपला घालत म्हणाले, “विहीणबाई, आम्हाला विचार करावा लागेल.”

आपली कांडी आणि शेजारच्या डब्यातली धड कांडी घेऊन शेवंती तडक नाक्यावर गेली. तिथे साताऱ्याकडच्या सुंदराबाईचं रसाचं गुऱ्हाळ होतं.

सुंदराबाईने दोन्हींवर नख दाबून बघितलं. “वैनी, ही तुमची पुंड्या जातीच्या उसाची. मऊ अन् रसाळ, वाळवीची दिवाळीच. ही दुसरी काटक जात. हिच्या सालीपुढं माझा चरक कुरकुरतो, तिथं वाळवी काय करनार?”

“आणि तो डोळा?”

“अवो, त्यातनं कोंब फुटतो. आमी त्याला डोळा म्हनतो.”

शेवंती आधी संतापली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी तिने भर चौकात नवा डबा ठेवला. वारूळ तेच, पण कांड्या दोन, दोन जातींच्या. “महाराज, हा डबा तुमच्या नावाचा. मंतरा.”

बाबा कावराबावरा झाला, पण एवढ्या लोकांपुढे नाही कसं म्हणणार? पुटपुटला काहीतरी.

आठव्या दिवशी एक कांडी तशीच ताठ, दुसरीचा भुगा.

“म्हणजे महाराज अर्धेच पापी,” गुणाजी म्हणाला. हसून हसून चाळीची मुरकुंडी वळली. तेवढ्यात बाबा मागच्या जिन्याने पसार झाला.

तुळशीदास खाली मान घालून आले. “चुकलो विहीणबाई. तारीख तीच ठेवू या.”

“ठेवू. पण पुन्हा कोणी चमत्कार दाखवला, तर आधी दोन्ही कांड्या एका डब्यात लावून बघा.”

“आन् ध्यानात ठेवा,” डब्याचा निकाल बघायला आलेली सुंदराबाई म्हणाली, “उसाचा डोळा उगवायला असतो. बघायला देवानं आपल्याला दोन दिलेत.”