बाबांनी घोटलेला हिरवा

बाबांनी वाटी पुढे केली आणि माझं डोकंच सणकलं. आतली पूड पांढरट हिरवी, धुऊन धुऊन विटलेल्या टॉवेलसारखी. मला हवा होता गडद हिरवा. जुन्या भिंतीवरच्या चित्रातल्या बाईची एक बाही मी याच दगडाच्या रंगाने भरून बसले होते आणि दुसरी अजून कोरीच होती.

"बघ, किती बारीक झालीये. चिमटीत धरली तरी कळत नाही," तोंडावरचं फडकं खाली ओढत बाबा म्हणाले. ही धूळ श्वासातून आत जाणं वाईट, म्हणून फडकं बांधायला मात्र विसरले नव्हते.

मॅलेकाइट म्हणजे तांब्याचा हिरवा दगड. तसा मऊ, खलात लगेच फुटतो, वर लिंबू पिळलं तर फसफसतो. पण मेल्याची एक खोड आहे, जास्त घोटलं की तो फिका पडत जातो. खरा रंग जाडसर कणांत. दुकानातला तयार हिरवा या भिंतीवर उपरा दिसतो, आणि त्या बाहीशी जुळणारा आमच्याकडचा हा शेवटचा खडा होता.

"काय करून ठेवलंत हो हे? रव्याएवढं ठेवा म्हणाले होते ना मी?"

"रव्याएवढं? असला खरबरीत रंग लावतं का कोणी? माझं नाव घालवशील."

ताई उठता-बसता मला सांगते, बाबांना आता घरी बसव, त्यांना काही आठवत नाही. मी तिच्याशी भांडते. घरी बसवलं तर खचतील ते, आणि खल हातात आला की त्यांचं सगळं ठीक असतं, असं मी तिला कालच ठणकावून सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडाने सांगू?

"अहो बाबा, जास्त घोटलं की रंग मरतो, हे मला कोणी शिकवलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कोणी?"

मला वाटलं, चिडवताहेत. पण ते खरंच उत्तराची वाट बघत होते.

"ज्याने कोणी शिकवलं ना," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. सांग त्याला."

"सांगते," मी म्हणाले, आणि त्यांच्या पुढ्यातला खल उचलून घेतला.