अडकलेली नोंद

"गुंताबाई, उठा! तुमचं गिऱ्हाईक आलंय," पलीकडच्या टेबलावरून साहेब ओरडले. "सगळं तुंबलंय. सकाळपासून एक नोंद सेव्ह होईल तर शपथ!"

हरवलेल्या माणसांच्या त्या वेबसाइटवर दोघांचे बदल एकमेकांत अडकले की ते सोडवायचे, हे तिचं काम. म्हणून हे नाव. खरं नाव पगाराच्या वेळीच कुणाला आठवायचं.

तिनं लॉग उघडला. आधी वाटलं, दोन सर्व्हरांची घड्याळं मागंपुढं झाली असतील. घड्याळं ठीक होती. मग एका नोंदीपाशी लाल ओळ दिसली. एकाच मूळ प्रतीला दोघांनी हात घातला होता. एका सर्व्हरवरून कुणी नोंदच खोडली होती; त्याच घटकेला दुसऱ्या सर्व्हरवरून कुणी तिच्यातला एक रकाना बदलला होता. डेटाबेस बिचारा काय करणार? जे खोडलं ते बदलायचं कसं, हे त्याला कळत नाही. तो माणसाची वाट बघत थांबतो, आणि त्याच्यामागं सगळी रांग.

खोडणारे वडील. बदलणारी आई. नोंद त्यांच्या मुलीची. रकाना वयाचा: एकोणीसचं वीस.

"खोडलेलंच राहू द्या," साहेब म्हणाले. "बापानंच काढलंय ना? दाबा कळ, व्हा मोकळ्या."

देवाच्या दारी कुणाचं नाव पुसलं जात नाही म्हणतात. इथं मात्र एक कळ पुरत होती. तिचं बोट उचलेना. तिनं मुलीच्या आईला फोन लावला.

"अहो ताई, आज वाढदिवस तिचा," आई म्हणाली. "दरवर्षी मीच वय बदलते. नाहीतर लोक लहान पोरगीच शोधत बसतील ना?"

मग वडिलांचा मोबाइल. त्यांचं कुलूपदुरुस्तीचं दुकान. मागं कानस घासल्याचा आवाज येत होता.

"पुरे झालं आता, ताई. त्या नोंदीखाली हिचा नंबर आहे. कुणीही टवाळ उठतो, फोन करतो, 'मुलगी आमच्याकडं आहे' म्हणतो. ही अनवाणी धावत सुटते. परवा जिन्यात पडली. पोरगी गेली ती गेली, आता हिलाही घालवू?"

"काका, आज वाढदिवस आहे म्हणाल्या त्या."

कानस थांबली. "ते मला सांगता?"

त्यांनी कानस खाली ठेवल्याचा आवाज आला.

"केलं का तिनं वीस?"

"हो."

"मग राहू द्या तिचंच. फक्त तिचा नंबर काढा. माझ्या दुकानातल्या फोनचा टाका. असले फोन मी घेत जाईन. आणि मी खोडलं होतं, हे बोलू नका तिच्यापाशी. नंबराचं विचारलंनच, तर सिस्टिमनं बदलला म्हणा."

तिनं दोन्ही प्रती शेजारी मांडल्या. आईनं घातलेलं वय ठेवलं, वडिलांचं खोडणं रद्द केलं, नंबर बदलला. तुंबलेली रांग पुढं सरकली.

"सुटलं बुवा एकदाचं!" म्हणत साहेब चहाला गेले.

नवा नंबर घातला की तो लावून बघायचा, असा तिथला नियम. तिनं लावला. पहिली रिंग पुरी झालीच नाही.

"बाळ?"

तिनं डोळे मिटले. "मीच, काका. नंबर तपासत होते."

"हां... हां," ते म्हणाले. "लागतोय ना नीट?"

"लागतोय, काका."