आवडीच्या कमरेचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. खांबावरचा नव्हे, सभेतलाही नव्हे. मी कमरेला पट्ट्याने बांधायचा भोंगा, पावाच्या लादीएवढा. माझ्यातून एक वायर निघते आणि कानामागून तोंडापाशी येते. माणूस हळू बोलला तरी शंभर जणांना ऐकू जातं. आजवर मी जे बोललो ते दुसऱ्यांचं बोललो. आज माझं सांगतो. आधीच सांगून ठेवतो, माझा एका माणसावर राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पाठीवर चिनी अक्षरं आहेत, ती मला वाचता येत नाहीत. मला कळायला लागलं ते उल्हासनगरच्या एका दुकानात. दुकानदार शेठ मला हातात धरून गिऱ्हाइकाला म्हणाला, "साईं, ले जाओ. ऐसा आवाज, पीछे बैठनेवाले की नींद उड जाएगी."

गिऱ्हाईक म्हणजे महेश. राहणारा बदलापूरचा, मांजर्लीचा. मुंबईला जाऊन स्पॅनिश भाषा शिकलेला. दर हिवाळ्यात तो स्पेनच्या पाहुण्यांचे गट आणायचा आणि बारवी धरणाच्या मागच्या एका वाडीत त्यांना फिरवायचा. भातखाचरं दाखवायचा, टोपल्या विणणाऱ्या बाया दाखवायचा. मला कमरेला बांधून तो पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोले आणि वाडीशी मराठीत. दोन्ही भाषा माझ्या पोटातून जायच्या. ज्याच्या पोटातून रोज भाषा जाते, त्याला ती समजायला लागते. वाडीला पाहुण्यांचं कळत नव्हतं, पाहुण्यांना वाडीचं कळत नव्हतं. दोन्हीकडचं कळणारे आम्ही दोघंच, तो आणि मी.

वाडीत आवडी नावाची एक बाई आहे. वय साठीच्या आसपास. ती धवलारीण. या वाड्यांमध्ये लग्न भटजी लावत नाही, धवलारीण लावते. ती धवळे गाते, आणि ते गाणं पुरं झालं की लग्न लागलं. त्यानंतर ती त्या जोडप्याची दुसरी आईच. पहिल्या दिवाळीला दोघांनी नारळ घेऊन तिच्या पाया पडायला यायचं, अशी रीत. आवडीने चाळीस वर्षांत दीडएकशे लग्नं लावली असतील. लिहिता-वाचता येत नाही, पण रात्रभर चालेल एवढं गाणं तोंडपाठ. धवळे उगाच गायचे नाहीत. गंमत म्हणून नाही, कुणी फर्माईश केली म्हणून तर नाहीच.

एका पौषात महेशने तिच्यासमोर दोन पाहुणे उभे केले आणि माझ्यातून म्हणाला, "आवडीमावशी, ही इनेस आणि हा रामोन. तिकडे लगीन ठरलंय दोघांचं. पण त्यांना आपल्या रीतीनं पण लावायचंय."

"पौषात कसलं लगीन रं?"

"त्यांच्यात पौष नसतो, मावशी."

मग वळून त्या दोघांना स्पॅनिशमध्ये म्हणाला, "हा इथला स्वागताचा नाच आहे. पाटावर उभे राहा, हसा, फोटो छान येतील."

मी ऐकलं. मी दोन्हीकडे मोठ्या आवाजात पोचवलं. मला तोंड होतं, पण ते माझं नव्हतं.

आवडीने मनापासून लग्न लावलं. स्वतःच्या घरची हळद आणली. दोन तास गायली. इनेसच्या कपाळाला बाशिंग बांधताना ती तिला 'माजी लेक' म्हणाली, कारण इतक्या लांबची लेक तिला कधी मिळाली नव्हती. महेशने ते सगळं गाणं फोनमध्ये भरून घेतलं.

दिवाळी आली. आवडीने इनेससाठी खण आणून ठेवला, रामोनसाठी टोपी. शेजारणी हसायच्या, "तुजी लेक इमानात बसली का गं?" ती म्हणायची, "येल. लांबून येयाचा म्हंजे वेल लागतो."

पुढच्या पौषात महेश नवा गट घेऊन आला, तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं, "माजी इनेस कंदी यायची?"

महेश हसला. मी चालूच होतो. "मावशी, कसली इनेस! ते दोघं भाऊ-बहीण होते. सख्खे! टाइमपास केला गं आपण."

सगळ्या अंगणाने ऐकलं, आणि तेही माझ्यातून. विहिरीवरच्या बायांच्या हातातले दोर थांबले. सख्ख्या भावाशी बहिणीचं लग्न लावलं, आणि तेही धवळे म्हणून! आवडीने एक पाऊल पुढे टाकून मला त्याच्या कमरेवरून ओढलं. पट्टा तुटला, मी दगडावर आपटलो.

"ठेव तुलाच," महेश म्हणाला. "मी नवा घेणारच होतो."

त्या दिवसापासून वाडीने आवडीला लग्नाला बोलवायचं बंद केलं. जाणती माणसं बसली आणि ठरलं, की ते लग्न मोडल्याशिवाय आवडीने धवळे म्हणायचे नाहीत. आणि लग्न मोडायची रीत एकच. दोघांनी आपल्या तोंडाने 'आमचं नातं नाही' म्हणायचं आणि काडी मोडायची. आता स्पेनातली माणसं काडी मोडायला कुठून आणायची? आवडीने महेशला फोन लावून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, "येड्यासारखं काय बोलते? ते विसरले पण असतील."

आवडीच्या भावाची सून रंजना. तिची मुलगी रविना आवडीच्याच मांडीवर वाढली. तिचं लग्न पुढच्या वर्षीच्या फाल्गुनात ठरलं. रंजनाने जांभूळकडची दुसरी धवलारीण सांगून ठेवली. तेही आवडीला तोंडावर सांगितलं नाही, भिंतीआडून कळलं.

मला तिने खुंटीला टांगलं होतं. रोज सकाळी चूल पेटवताना ती माझ्याकडे बघून महेशला शिव्या द्यायची. मला त्या ऐकून बरं वाटायचं.

आवडी बदलापूरला रानभाज्या विकायला जायची. तिचं एक ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे संजीवनीताई, निवृत्त नर्स. मुलाकडे चिली देशात सहा वर्षं राहून त्या स्पॅनिश शिकल्या होत्या, आणि आता दर रविवारी मांजर्लीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये ती फुकट शिकवायच्या. त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज कुजबुजल्यासारखा. एकदा भाजी घेताना त्या म्हणाल्या, "आवडीबाई, मागच्या बाकावर ऐकूच जात नाही माझं."

पुढच्या रविवारी आवडी मला पदरात गुंडाळून तिथे हजर. "भोंगा घ्या, भाषा द्या."

"तुम्हाला स्पॅनिश कशाला शिकायचंय?"

"एका मानसाची जीब त्याच्याच घशात घालायची हाय."

संजीवनीताईंनी मला दुरुस्त करून घेतलं. मग मी रविवारी सकाळी त्यांच्या कमरेला आणि बाकी आठवडाभर आवडीच्या खुंटीला. मी महेशच्या कमरेवर तीन वर्षं काढली, पण कुणी माझ्यातून इतकं सावकाश बोललेलं मला आठवत नव्हतं.

पहिला धडा नमस्काराचा होता. आवडी म्हणाली, "नमस्कार नको मना. खोटारडा कसा म्हनतान ता सांगा."

"आधी नमस्कार," संजीवनीताई म्हणाल्या. "खोटारडा चार रविवारांनी."

वर्गात दहाबारा जण होते. बाळाजी म्हणून अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ सगळं वहीत उतरवायचे आणि सगळं विसरायचे. आवडीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने ते शब्द धवळ्याच्या चालीत बसवले. यो सोय, तू एरेस. मी आहे, तू आहेस. तिसऱ्या रविवारी अख्खा वर्ग त्याच चालीत म्हणू लागला.

"आवडीबाई, आम्ही लिहून विसरतो, तुम्ही न लिहिता कसं लक्षात ठेवता?" बाळाजींनी विचारलं.

"लिवला म्हंजे डोक्याला काम काय र्‍हायला?"

उल्हासनगरची एक सिंधी म्हातारी दर वेळी पापडांचा डबा आणायची. ती आवडीला म्हणाली, "मेरी सास यहाँ आई तो किसी की बात समझती नहीं थी. भाजीवाली के साथ बैठ बैठ के मराठी सीखी." आवडीने पापड मोडला आणि अर्धा तिला दिला. त्यानंतर दोघी शेजारी बसायला लागल्या. भाजीची पाटी हॉलच्या दारात असायची, आणि वर्गातले लोक तिच्याकडून भाजी घेताना भाव स्पॅनिशमध्ये विचारायचे. मला वाटलं, हिचा राग इथे विरघळणार. मला भीतीच वाटली. पण ज्या दिवशी एर्मानो म्हणजे भाऊ आणि एर्माना म्हणजे बहीण हे शब्द आले, त्या दिवशी ती वर्ग अर्धा सोडून उठली. घरी येऊन तिने ते दोन शब्द चुलीपुढे शंभरदा म्हटले.

खोटारड्याला मेंतिरोसो म्हणतात. तो शब्द तिने एकदाच ऐकला. परत विचारावा लागला नाही.

पौष आला, महेशचा गट आला. पाहुणे पाठवणारी स्पेनची संस्था तीच, माणसं नवी. मांडव घातला होता. एक पिकल्या केसांचा गृहस्थ आणि एक तरुण मुलगी असे पाटावर उभे केलेले. आवडी बोलावूनही येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून महेशने तिचं फोनमध्ये भरलेलं गाणं नव्या भोंग्यातून लावलं. स्वतःचाच आवाज भिंतीपलीकडून आला तशी आवडी उठली. मला कमरेला बांधलं, वायर कानामागे अडकवली आणि मांडवात जाऊन उभी राहिली.

"ओला. मे यामो आवडी. एस्ता वोस एस मिआ."

नमस्कार, माझं नाव आवडी, हा आवाज माझा आहे. पाहुणे थबकले.

"नो एस बाइले. एस बोदा." हा नाच नाही, हे लग्न आहे. मग तिने महेशकडे बोट केलं. "एस्ते ओंब्रे एस मेंतिरोसो."

तो शब्द मी पोटातून असा बाहेर टाकला, की झाडावरचे कावळे उडाले.

महेश घाईने त्यांच्या भाषेत म्हणाला, "म्हातारी जरा चक्रम आहे, तुमचं स्वागत करतेय." आणि तिच्या तोंडापुढची वायर ओढून त्याने आपल्या हातात घेतली. ओढताना तिच्या टोकाचा माइक माझ्या पेटीला भिडला. माइक पेटीला लागला की आम्ही किंचाळतो, तशी आमची जातच आहे. पण त्या दिवशी मी जो किंचाळलो, तो जातीमुळे नाही. महेशने वायर सोडून दोन्ही कान दाबले. विहिरीवरच्या बाया खो खो हसल्या.

गटातली एक वयस्कर बाई पुढे आली आणि सावकाश बोलली, "काय झालं, सांगा." आवडीकडे शब्द थोडेच होते. तिने ते एकेक करून तिच्यापुढे ठेवले. इनेस. रामोन. भाऊ. बहीण. लग्न. हा हसला. मी आता गात नाही.

ती बाई त्याच संस्थेतली, इनेसला ओळखत होती. तिने तिथेच फोन लावला. पडद्यावर इनेस आली, स्वयंपाकघरात, केस ओले. आवडीला बघून हसली आणि तिने लगेच आवाज देऊन शेजारच्या खोलीतून भावाला बोलावलं.

आवडीने वायर महेशच्या हातात दिली. "आता तू सांग त्यांना. तू काय केलास ता. त्यांच्या भाषेत, माज्या भोंग्यातून. आन एक जरी शबूद चुकवलास, तर मना कलंल."

त्याने सांगितलं, काडी मोडायच्या रीतीसकट. मान खाली घालून, अडखळत. तीन वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदा माझ्यातून खरं गेलं. ते गोड लागलं मला. मध्ये एकदा त्याने 'फसवलं' म्हणायच्या जागी 'चूक झाली' म्हटलं. आवडी म्हणाली, "नो," आणि त्याला ते परत म्हणायला लावलं.

इनेस रडायला लागली. काडी कुठून आणायची म्हणून रामोनने डब्यातून शेवयांसारखी एक लांब सुकी काडी काढली. दोघांनी दोन टोकं धरली. "आमचं नातं नवरा-बायकोचं नाही," म्हणाले आणि कट्कन मोडली. आवडीने इकडे गवताची काडी मोडली. बाया ओरडल्या, "मोडली गं बाय!"

रंजना गर्दीतून पुढे आली. "आत्या, फाल्गुनात रविनाचा लगीन. येशील ना?"

आवडीने तिच्याकडे पाहिलंही नाही. "मना ऐकू नाय आला. भोंग्यात बोल."

रंजना लाजेने लाल झाली. पण सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं तिला माझ्यातून म्हणावं लागलं. दोनदा.

आता मी म्हातारा झालोय. बॅटरी फुगलीये, पाऊण तासाच्या वर जीव टिकत नाही. रविवारी संजीवनीताईंच्या कमरेला असतो, त्यांचं पहिलं वाक्य अजून नमस्काराचंच असतं. रविनाच्या लग्नात आवडीने मला नेलं नाही. धवळ्याला भोंगा लागत नाही म्हणाली. मला वाईट वाटलं नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, दोन माणसांच्या मध्ये उभं राहायची वेळ आली तर सांभाळून उभे राहा. मधला माणूस विकला गेला की दोन्हीकडची माणसं मुकी होतात, आणि मुक्या माणसांचा राग फार दिवस टिकतो.

माझाही टिकलाय. त्या दिवशी सगळं झाल्यावर आवडीने महेशला चहा दिला. मी दिला नसता.

तो अजून गट आणतो. मांडव घालत नाही. वाडीत शिरायच्या आधी आवडीच्या दारात उन्हात उभा राहतो आणि विचारतो, "मावशी, येऊ का?" मराठीत विचारलं तर ती ऐकत नाही. स्पॅनिशमध्ये विचारलं की ऐकते. पण तेव्हा नेमकं तिच्या मांडीवर सूप असतं, आणि तांदूळ निवडून झाल्याशिवाय ती मान वर करत नाही.