लोकर विंचरणाऱ्यांचा संदेष्टा

ती खिडकी मीच फोडली. त्या वर्षी आमच्या स्कारक्लफ गावात कुणालाही विचारलं असतं, तरी बोट माझ्याकडेच दाखवलं असतं. केझाया ऑर्मरॉड, जॅबेझची थोरली बहीण, जिच्यामुळे प्रभूचा दिवस हुकला ती. हुकला तर हुकला! माझी पोर वाचली, मला बाकी कुणाची पडली नव्हती.

आमचा धंदा लोकर विंचरायचा. घरातच, माडीवर. मधोमध कोळशाची शेगडी, भोवती चार माणसं, आणि शेगडीवर तापत ठेवलेल्या पोलादी दातांच्या जड फण्या. फणी गार पडली की लोकर सुटत नाही, म्हणून शेगडी दिवसभर विझू द्यायची नाही. त्या कोळशाचा धूर दिसत नाही, वासही येत नाही, पण बसल्या जागी डोळा लागला तर माणूस उठत नाही. म्हणून आमच्यात पोराला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की बर्फ पडो नाहीतर गारा, खिडकीची एक काच काढलेलीच पाहिजे.

जॅबेझला हे मीच शिकवलं होतं. आई लवकर गेली, तो माझ्याच हाताखाली वाढला. चिडका होता, पण भला होता हो. मग त्याची चार दिवसांची मुलगी गेली. आम्ही काही चर्चवाले नव्हे, बापजाद्यांपासून आपापल्या घरात बायबल वाचणारे. पाद्री थ्रॉपने तोंड वर करून सांगितलं, "माझ्या हातचा बाप्तिस्मा नाही, तर माझ्या आवारात पुरायला जागा नाही." जॅबेझने भिंतीबाहेरच्या काटेरी झुडपांत स्वतः खड्डा खणला. मी त्या पाद्र्याच्या फाटकावर थुंकले. आजही थुंकेन.

त्यानंतर त्याला चर्चची घंटा ऐकवेना. त्याने खिडकीच्या भोकात चिंध्या कोंबल्या आणि एकटाच शेगडीपाशी बसू लागला. हिवाळा लागला तसा त्याला निळ्या ज्वाळांमध्ये काय काय दिसायला लागलं. चर्चचा मनोरा कोसळताना दिसे, पाद्री त्याखाली चिरडलेला दिसे, गिरण्यांची धुराडी पेटलेली दिसत. मोठ्या गिरणीत तेव्हा विंचरायचं यंत्र आलं होतं आणि निम्म्या घरांत चूल पेटत नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं. लोक येऊन ऐकायला लागले आणि त्याला संदेष्टा म्हणायला लागले.

मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे जॅबेझ, तुला सगळं हिवाळ्यातच दिसतं. खिडक्या उघड्या असल्या की तुझा देव जातो कुठे? समुद्रावर हवा खायला?"

दोघं-तिघं हसले. माझी एकुलती एक टॅमर मात्र लालेलाल झाली. "आई, मामाची चेष्टा करू नकोस. नरकात जाशील!"

"जाईन की. तिथे निदान ऊब तरी असेल."

जॅबेझ हसला नाही, रागावलाही नाही. माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी मेलेच आहे आणि मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या नजरेची मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

त्याने ईस्टरचा रविवार ठरवला. चर्चची पहिली घंटा झाल्यापासून शेवटची होईपर्यंत मृत्यूचा दूत गावावरून जाणार, मनोरा पडणार, आणि बंद दाराआड बसलेले तेवढे वाचणार. शेगडी पेटती हवी, कारण प्रभूचा शब्द तिच्यातूनच येतो. दार, खिडकी, फट, काही उघडं ठेवायचं नाही. मी म्हटलं, "मेल्या, कोळसा आहे तो! तुला माहीत नाही?" तर म्हणतो, "पोटासाठी पेटवलेला मारतो, केझी. प्रभूसाठी पेटवलेला मारत नाही." कपाळ माझं!

टॅमर नवऱ्याबरोबर, रूबेनबरोबर, जाणार म्हणून मीही गेले. तिला सहावा महिना होता. माझ्याखेरीज चौदा माणसं जॅबेझच्या त्या खोलीत बसली, बाहेर घंटा सुरू झाली. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं. कुणीतरी ओकलं, तर जॅबेझ म्हणाला, पाप बाहेर पडतंय. मग टॅमरचे गाल गुलाबी दिसायला लागले. छान, तजेलदार, अशी ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती. तिने मान माझ्या खांद्यावर टाकली. आमच्या आईला अशाच गुलाबी गालांनी शेगडीपासून उचललं होतं. मी हाताला आली ती फणी घेतली आणि खिडकीवर घातली, एकदा, दोनदा, चौकट निखळेपर्यंत.

तेरा जण खोकत शुद्धीवर आले. म्हातारा सायलस आला नाही. आणि चोराच्या उलट्या बोंबा बघा, जॅबेझ म्हणाला, दूत त्या खिडकीतून आत शिरला. मी फोडली म्हणून सायलस गेला, मी फोडली म्हणून मनोरा उभा राहिला. सगळ्यांना पटलं. टॅमरलाही पटलं. तिकडे पाद्र्याने पुढच्या रविवारी माझं नाव घेऊन कौतुकाचं प्रवचन ठोकलं आणि मला मटणाचा तुकडा पाठवला. मी तो त्याच्या पायरीवर ठेवून आले.

वर्षभर टॅमर माझ्याशी बोलली नाही. नात झाली तेव्हा मला दुसऱ्यांकडून कळलं.

पुढचा ईस्टर आला. चुकीवरून माणूस शिकतो म्हणतात, जॅबेझ शिकला होता. या वेळी त्याने जागा घेतली ती माझ्या घरासमोरच्या बंद पडलेल्या रंगकारखान्याचं तळघर. खिडकी नाही, दाराला लोखंडी पट्ट्या, आतून अडसर. शेगड्या दोन, माणसं बावीस. मी शिपायाकडे गेले, तो म्हणाला, प्रार्थनेला कायद्याची बंदी नाही. लोहाराकडे पहार मागितली, तर म्हणाला, "एकदा फोडलंस तेवढं बस झालं, बाई." शेवटी त्या पाद्र्याच्या दारात गेले, माझ्यासारखी बाई! तो नॅपकिनने तोंड पुसत म्हणाला, "मी त्यांना कधी बोलावलं नाही असं नाही. ते आले नाहीत."

रविवारी सकाळी दार वाजलं. टॅमर होती, कडेवर बाळ.

"हिला ठेव," ती म्हणाली. "दुपारपर्यंत."

"का? तीही वाचेल की दूतापासून. ने बरोबर."

"हिला खोकला झालाय. तिथे... धूर असेल."

"धूर? प्रभूसाठी पेटवलेल्या कोळशाचा?"

तिने मान खाली घातली. मला सगळं कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं.

"मग तू कशाला जातेस गं?" माझा आवाज चिरकला. "टॅमर, अगं कशाला?"

"रूबेन आत गेलाय. मामाला शब्द दिलाय. मी गेले नाही तर सगळे म्हणतील, आईवर गेली."

ती वळली. मी तिच्याआधी दाराशी पोचले, किल्ली फिरवली, छातीशी खोचली आणि दाराला पाठ लावून बसले.

घंटा सुरू झाली. तिने मला ओरबाडलं, चेटकीण म्हणाली, सैतानाची रांड म्हणाली. माझ्या घराची खिडकी वीतभर, तिच्यातून फार तर मांजर जाईल. बाळ किंचाळत होतं. "रूबेन आत आहे गं आई! सोड मला!" मी सोडलं नाही. मला काय माहीत नव्हतं, समोर कोण बसलंय ते? ज्याचं नाक मी पुसलं तो माझा भाऊ बसला होता. मी जाऊन ते दार बडवू शकले असते, आरडाओरडा करू शकले असते, कदाचित कुणी ऐकलंही असतं. पण मी उठले असते तर ही गेली असती. बावीस तिकडे आणि एक इथे. मी एक धरून ठेवली. देवाला जाब द्यायचाय तो मी देईन.

शेवटची घंटा झाली. माणसं टोप्या सावरत चर्चमधून घरी निघाली, मनोरा होता तिथे होता. टॅमर ओरडायची थांबली. माझ्या शेजारी येऊन बसली आणि दाराला कान लावला.

"घंटा संपली की ते गात बाहेर येणार आहेत," ती हळूच म्हणाली.

मीही कान लावला. पाद्र्याची बग्गी गेली. एक कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

"येतंय का गं आई, ऐकू?"

"गप. लागेल जरा वेळ."

आम्ही दोघी ऐकत राहिलो. बाळ रडून रडून झोपी गेलं. रस्ता रिकामा झाला. मग तिने माझ्यापुढे हात केला, किल्लीसाठी, आणि मी ती तिच्या मुठीत दाबली.