नाएराचा साक्षीदार

अभिरूप न्यायालय हा प्रकार मला मुळातच पसंत नाही. उभी नोकरी मी बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयात काढली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. शिरस्तेदार म्हणजे न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून फायली पुढे करणारा आणि साक्षीदाराकडून शपथ म्हणवून घेणारा माणूस. खऱ्या कोर्टाची एवढी सवय झाल्यावर, भाड्याचा काळा कोट घालून ‘माय लॉर्ड, माय लॉर्ड’ करणारी हौशी मंडळी बघितली की माझं डोकं फिरतं. दिवाणी कोर्टात न्यायाधीशाला माय लॉर्ड म्हणत नाहीत, हे यांना कोणी सांगायचं?

तरी त्या रविवारी सकाळी मी कडक इस्त्रीचा सदरा घालून आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसलो होतो. बचाव पक्षाची वकील माझी मुलगी हर्षिता होती आणि तिचा एकमेव साक्षीदार मी होतो.

आरोपी होता एक सिनेमा.

‘ऑबेरा’ नावाची ही सिनेमांची मालिका आहे. अंतराळातली यानं, ग्रहाग्रहांतली भांडणं, राजकारण असा सगळा मामला. एकूण सहा भाग. गंमत अशी की आधी आलेल्या तीन भागांत नाएरा नावाची सेनापती म्हातारी आहे, आणि नंतर काढलेल्या तीन भागांत तिचं तरुणपण दाखवलंय. म्हातारी नाएरा आपल्या ग्रहावर कधी परत का जात नाही, हे पहिल्या तीन भागांत ती कोणालाच सांगत नाही. त्याचं उत्तर शेवटी काढलेल्या सहाव्या भागात आहे, आणि त्या उत्तरावरूनच सगळा तमाशा चालला होता.

मंडळातल्या तरुण पोरांनी दिवाळीच्या सुटीत सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर सगळे भाग दाखवायचं ठरवलं. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या शंतनुचं म्हणणं पडलं, की पाचच दाखवा, सहाव्यानं मालिकेची माती केलीय. हर्षिता म्हणाली, दाखवायचे तर सहाच्या सहा, नाहीतर एकही नको. महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती जुंपली होती. शेवटी मराठी माणसाला सुचावं तेच त्यांना सुचलं. अभिरूप न्यायालय भरवायचं, दोन्हीकडून वकील उभे करायचे, आणि निकाल प्रेक्षकांनी हात वर करून द्यायचा.

मला साक्षीदार का केलं, तेही सांगतो. सिनेमे बघायचेच म्हटल्यावर मी हर्षिताला स्पष्ट बजावलं होतं की मी सुरुवातीपासून बघणार. आमच्या घरात पोथी कोणी मधल्या अध्यायापासून लावत नाही. आधी जन्म, मग बालपण, मग पुढचं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, “अण्णा, तसं बघत नाहीत हो ते!” पण मी ऐकलं नाही. नाएराचा जन्म ज्या भागात आहे तो आधी लावायला लावला आणि तिथून पुढे गेलो. म्हातारी नाएरा मी अजून पाहिलेलीच नाही. हर्षिताचं म्हणणं, की पुढं काय होणार हे माहीत नसताना, कोऱ्या मनानं सहावा भाग बघितलेला माणूस अख्ख्या मंडळात एकटे अण्णाच. माझा हट्ट असा पुराव्याच्या कामी आला, याचा मला स्वल्प अभिमानही वाटत होता.

पण हर्षिताला हा खटला जिंकायचा होता त्याचं कारण निराळं होतं. ते त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी ती एका कंपनीत, रक्तातली साखर मोजायच्या यंत्रांची तपासणी करायची. तिच्या टीमच्या प्रमुखानं नापास झालेली यंत्रं कागदावर पास केली. ज्यानं तिला पहिल्या दिवसापासून काम शिकवलं, तोच हा माणूस. तिनं वरच्यांना जाऊन सांगितलं. यंत्रं थांबली, प्रमुखाची नोकरी गेली, आणि त्यानंतर टीममधलं कोणी तिच्या शेजारी जेवायला बसेना. चुगलखोर म्हणायचे तिला. शेवटी तिनंच ती नोकरी सोडली आणि के. आर. पुरमजवळच्या एका छोट्या कंपनीत लागली. आमच्या राजाजीनगरच्या घरून रोज तेवढं लांब जाते, पण कधी कुरकुर केली नाही. मला तेव्हाही तिचा अभिमान वाटला होता आणि चार लोकांत सांगावंसंही वाटलं होतं, पण तिनं तोंड बंद ठेवायला लावलं. म्हणाली, “मला कोणाची दया नको, अण्णा.”

नेमका त्याच दिवसांत सहावा भाग आला. ती एकटीच जाऊन बघून आली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. माझी बायको सुचेता स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होती. त्या सिनेमावर माझा तेव्हापासून जीव आहे, बघायच्या आधीपासून.

तर खटला सुरू झाला. न्यायाधीश होते सूर्यकांत, मूळ नागपूरचे, धंद्यानं दातांचे डॉक्टर. शंतनु उभा राहिला, आणि कबूल केलं पाहिजे, पोरगा बोलतो झकास.

“माय लॉर्ड,” तो म्हणाला (मी दात आवळले), “नाएरा घर का सोडते, या एका प्रश्नावर आम्ही शाळेपासून भांडत आलो. आम्हाला वाटायचं, मोठं युद्ध झालं असेल, तिनं एकटीनं ग्रह वाचवला असेल. आणि शेवटच्या भागात मिळालं काय? तिचे वडील आरमारप्रमुख. ते निर्वासितांच्या यानावर हल्ला करायला लावतात आणि नंतर चूक लपवतात. ही बया काय करते? लढते? बंड करते? नाही! सभेपुढे उभी राहते आणि बापाविरुद्ध साक्ष देते! पाऊण तास नुसती साक्ष! शेवटच्या भागात एकही लढाई नाही, माय लॉर्ड. आमच्या सेनापतीला यांनी चुगलखोर करून टाकली.”

टाळ्या पडल्या. तो शब्द ऐकून माझ्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. हर्षिताचा चेहरा मात्र हलला नाही. घोटभर पाणी प्यायली आणि उभी राहिली.

“स्वल्प ऐका माझं,” तिनं सुरुवात केली आणि मागे कोणीतरी खिदळलं. आमची मराठी साडेतीनशे वर्षं कन्नडच्या शेजारी नांदलीय, ती अशीच असणार; ‘थोडं’ला स्वल्प, ‘बरं’ला सरी. हर्षिता थांबली, म्हणाली, “हसून घ्या आधी, सरी, मग बोलते.” खिदळणारा गप्प झाला. “लढाईत नाएराच्या बाजूनं अख्खं आरमार असतं. साक्षीला ती एकटी असते. कुठलं अवघड, ते तुम्हीच सांगा की. मी साक्षीदार बोलवायलेय.”

मी उठलो. शपथेसाठी सिनेमाच्या डीव्हीडीच्या डब्यावर हात ठेवायचा होता. शपथ देणाऱ्या पोरानं निम्मी वाक्यं गाळली, तेव्हा मीच खणखणीत आवाजात पूर्ण शपथ म्हटली. सभागृह गार पडलं. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेली शपथ मी पहिल्यांदा स्वतः घेत होतो.

“साक्षीदार गुरुराज,” हर्षिता म्हणाली, “सहावा भाग बघताना पुढं काय होणार, तुम्हाला ठाऊक होतं?”

“नव्हतं.”

“नाएरा तुम्हाला कशी वाटली?”

आम्ही घरी ठरवलेलं उत्तर साधं होतं. मला ती मुलगी आवडली, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर शंतनु पेन फिरवत हसत होता, त्याचा तो शब्द अजून माझ्या कानात होता, आणि माझी पोर भाड्याच्या काळ्या कोटात एकटी उभी होती. मला राहवलं नाही.

“कशी वाटली म्हणून काय सांगू!” मी म्हणालो. “तिच्या साक्षीच्या त्या पाऊण तासात माझी पापणी लवली नाही. ती पोर बापाच्या डोळ्यांत डोळे घालून खरं बोलायला लागली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. लढाया मी पुष्कळ बघितल्या पडद्यावर, रडलो कधीच नव्हतो. असा सिनेमा न दाखवणं म्हणजे पाप आहे!”

काय टाळ्या पडल्या म्हणता! बायकांनी डोळ्याला पदर लावले. शंतनुचं पेन थांबलं. तो उठला, माझ्याकडे बघितलं आणि चक्क हात जोडले. “उलटतपासणी नाही, माय लॉर्ड. काकांच्या अश्रूंना मी काय विचारणार?”

खटला जिंकला होता. उभ्या नोकरीत इतके निकाल बघितलेत मी, वारा कुठं वाहतोय ते मला कळतं. मी उतरायला लागलो.

“थांबा अण्णा,” हर्षिता म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं आणि ती काय विचारणार ते मला कळलं. सहावा भाग बघितला त्या दुपारी सुचेतानं ओबट्टू केले होते. तुम्ही त्याला पुरणपोळी म्हणा. चार खाऊन मी सिनेमाला बसलो, आणि नाएरा सभेच्या पायऱ्या चढेपर्यंत मी सोफ्यावर आडवा झालो होतो. उठलो तेव्हा नावं वर सरकत होती. राहिलेलं हर्षितानंच मला सांगितलं. हे आमच्या तिघांपलीकडे कोणाला कळायचं काही कारण नव्हतं.

“उलटतपासणी झाली नाही तर फेरतपासणी होत नाही,” मी घाईनं म्हणालो. नियम माझ्या बाजूनं होता; आपल्याच साक्षीदाराला वकील पुन्हा विचारू शकतो तो उलटतपासणीनंतरच.

“एकच विचारते.” ती पुढं आली. “अण्णा, तुम्ही शपथ घेतलाय. नाएरा साक्ष देत होती, तेव्हा तुम्ही जागे होतात काय?”

मी डोळ्यांनी तिला विनवलं. राहू दे, पोरी. ती बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. माझ्याकडून तिला जी अपेक्षा होती ती अजून तशीच होती, आणि ती मला मोडवेना.

“नव्हतो,” मी म्हणालो. “झोपलो होतो.”

सभागृह असं हसलं की बाहेरून कॉफीवाला डोकावून गेला. न्यायाधीश दातांचे डॉक्टर, तेही सगळे दात दाखवून हसले. “मग खोटं कशासाठी बोललात?” त्यांनी विचारलं.

“मुलगी जिंकावी म्हणून.”

“साक्षीदार जाऊ शकतात,” हर्षिता म्हणाली. “त्यांची साक्ष धरू नका. माझं म्हणणं तेवढं धरा.”

हात वर झाले. धरलं नाही कोणी. ज्या सिनेमात बचावाचा साक्षीदारच घोरतो, त्याला मोठा पडदा कशाला? सहावा भाग बाद झाला. हर्षितानं कोट काढून नीट घडी घातली. ती नाराज झाली होती, मला कळत होतं. खालचा ओठ दाताखाली धरायची तिची लहानपणापासूनची सवय आहे.

बाहेर कॉफीपाशी शंतनु तिला गाठून म्हणाला, “अगं, वेडी आहेस का? मी सोडून दिलं होतं काकांना. तू जिंकली होतीस. कशाला विचारलंस?”

“मग नाएरा आवडती म्हणायला मला तोंड राहिलं असतं काय?” हर्षिता म्हणाली.

शंतनुनं हातातला कॉफीचा पेला तिला दिला आणि स्वतःसाठी दुसरा आणायला गेला. मला रडू आलं. खरंखुरं, जागेपणी, भर सकाळी. सिनेमात काय होतं ते मी पाहिलं नव्हतं, पण जे पाहायला हवं ते आता पाहिलं होतं, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून पाहिलं होतं. तिच्या त्या जुन्या कंपनीतल्या लोकांना कोणीतरी इथं आणून उभं करायला हवं होतं असं मला फार वाटलं.

तेवढ्यात मागून कोणी म्हणालं, “काका, ते झोपलेले साक्षीदार तुम्हीच ना? तुमच्यामुळे हरली की हो बिचारी!”

“बिचारी नाही,” मी म्हणालो, इतक्या मोठ्यानं की कॉफीची सगळी रांग वळून बघायला लागली. “मी तिचा बाप. भर सभेत तिनं मला खोटं बोलू दिलं नाही.”