स्वर्गीय नर्तक केळं खात नाही

आईने आयुष्यभर रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना गाड्यांच्या अचूक वेळा सांगितल्या. निवृत्त झाल्यावर तिने मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि त्याच्याबरोबर अचूकपणाही. तेव्हापासून आमच्या गल्लीत निघणारा साप निदान सायकलच्या ट्यूबएवढा असतो, समोरच्या घरातलं कुत्रं माणसासारखं खोकतं, आणि वारा सुटला की कोपऱ्यावरच्या घराचं छप्पर हातभर वर उचललं जाऊन पुन्हा जागेवर बसतं. आई खोटं बोलते असं कुणी म्हणू नये. साप खरंच निघालेला असतो, कुत्रंही खोकलेलं असतं. आई फक्त त्यांना बढती देते.

माझी बायको वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांतून फिरून कुणाचं वजन हलकं आहे, कुणाचं पारडं एका बाजूला झुकतं, हे पाहणं तिचं काम. अशी बाई आणि अशी सासू एका स्वयंपाकघरात आल्या म्हणजे काय होतं, ते मी रोज चहाबरोबर घेतो. आई म्हणणार, दूधवाला पाणी घालत नाही, पाण्यात दूध घालतो. बायको म्हणणार, मी तपासलं, आई, दूध ठीक आहे. मी वीज कंपनीच्या तक्रार कक्षात बसतो. तिथे दिवसभर फोनवर 'तुमचं बरोबर आहे' म्हणायचे मला पैसे मिळतात. घरी मी तेच फुकट म्हणतो, दोघींनाही. त्यामुळे घरात माझ्या मताला किंमत नाही, आणि शांततेला मात्र आहे.

थंडी सरली की आईला पक्ष्यांचं वेड लागतं. स्वयंपाकघराच्या मागे आमची लहानशी बाग आहे. एक पेरूचं झाड, कुंड्या, कपडे वाळत घालायची दोरी, आणि कधीच पूर्ण बंद न होणारा नळ. पेरूला नवी पानं फुटू लागली की आई जुन्या मिक्सरच्या झाकणात तांदळाची कणी ठेवते, मातीच्या पसरट भांड्यात पाणी भरते आणि झाडाच्या बुंध्यावरच्या खिळ्याला पिकलेलं केळं टोचते. मग चिमण्या येतात, साळुंक्या येतात, बुलबुल येतात, आणि सगळे मिळून बायकोच्या ऑफिसच्या कपड्यांवर आपापली सही करून जातात. बायको दोरी हलवते. आई भांडं हलवते. वसंतात आमच्या बागेत दोरी आणि भांडं यांचा पाठशिवणीचा खेळ चालू असतो.

या वर्षी एका सकाळी आई बागेतून आत आली आणि दारातच उभी राहिली. एरवी ती बोलत बोलत आत येते. त्या दिवशी आधी आली आणि मग बोलली. पांढराशुभ्र पक्षी, डोकं काळंभोर, डोक्यावर तुरा, आणि शेपटीला दोन फिती. नुसत्या फिती नाहीत, भेटीच्या खोक्याला बांधतात तशा लांबच लांब, उडाला की मागून लहरत जाणाऱ्या.

मी सवयीप्रमाणे मनातल्या मनात फिती कापल्या, पांढरेपणा थोडा मळवला, आणि जे उरलं त्याला काळं डोकं नि तुरा होताच. म्हटलं, बुलबुल असेल. बायको डबा भरत होती. तिने शेपटीची लांबी विचारली. आईने दोन हात फाकवून दाखवली. बायकोने त्या दोन हातांमधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, जसं ती पारड्याच्या तळाला चिकटवलेल्या मेणाच्या गोळीकडे पाहते. मग डब्याचं झाकण लावलं.

आईला ते लागलं. तिने पक्षिमित्र मंडळाला फोन केला. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. वर्णन ऐकून ते म्हणाले, हा तर स्वर्गीय नर्तक, पण इथे तो कुणी पाहिलेला नाही. नाव ऐकून आई इतकी खूश झाली की 'पण'च्या पुढचं तिने ऐकलंच नाही.

रविवारी पहाटे मंडळ आलं. सगळ्यांचे कपडे मातीच्या रंगाचे, आवाज तळघरातून आल्यासारखे. मंडळ पेरूसमोर बसून राहिलं. चिमण्यांनी त्यांची नीट पाहणी केली. आमचा चहा झाला, दुसरा चहा झाला, नाश्ताही झाला, आणि पक्षी काही आला नाही. दंतवैद्य मधूनमधून आईला प्रश्न विचारत होते. तोंड उघडं ठेवलेल्या माणसांना प्रश्न विचारण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळे उत्तरासाठी थांबायची त्यांना सवय नव्हती. पण शेवटी त्यांनी विचारलं की तो पक्षी नेमकं काय करत होता, आणि या वेळी ते थांबले.

आई म्हणाली, केळं खात होता. खिळ्यावरच्या केळ्यावर झडप घालायचा, फांदीवर जाऊन बसायचा, की परत झडप.

दंतवैद्यांनी दुर्बीण खाली घेतली. "काकू, स्वर्गीय नर्तक केळं खात नाही. तो हवेतले किडे खातो."

हा दात काही वाचणार नाही, असं ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं. मंडळातली मंडळी जमिनीकडे बघून हसली. मग त्यांनी आईला फार प्रेमाने समजावलं की एका वयानंतर डोळ्यांपुढे धागे, फिती असं काहीबाही तरंगतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, फक्त डोळे एकदा तपासून घ्यावेत. बायको चहाचे कप गोळा करत होती. तिने ते जरा जोरात ठेवले.

आई खरंच डोळे तपासून आली. डोळे वयाच्या मानाने छान आहेत, असं तिथे सांगितलं. यातलं 'छान' तिने सोडून दिलं आणि 'वयाच्या मानाने' तेवढं घरी आणलं.

आणि त्या दिवसापासून आई अचूक बोलू लागली.

सकाळी म्हणायची, दूध आलं. अर्धा लिटर. दुपारी म्हणायची, समोरचं कुत्रं खोकलं. आम्ही वाट बघायचो. पुढे काही नाही. कुत्रं कुत्र्यासारखं खोकलं होतं. बायको आधी खूश झाली. इतकी वर्षं तिला घरात जे हवं होतं ते आयतं मिळालं होतं. पण चार दिवसांनी तीच आईभोवती घुटमळायला लागली. जेवताना तिने मुद्दाम विषय काढला, की गल्लीत साप निघाला म्हणे, केवढा होता? आई भात कालवत म्हणाली, साप होता. लहान. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून म्हणालो, तुमचं दोघींचं बरोबर आहे.

खरी काळजी वेगळी होती. आईने कणी ठेवणं बंद केलं, पाणी भरणं बंद केलं. विचारलं तर म्हणाली, उगाच सूनबाईचे कपडे खराब होतात. आणि एकदा खिडकीत उभी असताना तिने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तिथे भिंतीवर मांजर बसलंय ना रे?"

मांजर बसलेलं होतं. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली, पण माझ्याकडे अशी पाहत राहिली, जसे माझे फोनवरचे ग्राहक वीज आली तरी दिवा चालू-बंद करून बघतात. तिला साक्षीदार हवा होता आणि घरात होतो मी, ज्याने आयुष्यात कुणालाच नाही म्हटलेलं नाही. त्यानंतर दरवाजावर कुणी आलं तरी ती आधी आमच्याकडे बघायची, आम्ही उठतोय का, आणि मगच स्वतः ऐकल्याचं मान्य करायची.

मी हे बायकोला सांगितलं. तिने ऐकलं आणि डबा भरत राहिली. पण दुसऱ्या दिवशी मातीच्या भांड्यात पाणी होतं. खिळ्याला केळंही होतं. मी विचारलं तर म्हणाली, काळं पडलं होतं, टाकायचंच होतं, कचऱ्यात टाकलं काय नि झाडाला टोचलं काय. तिचे धुतलेले कपडे मात्र त्या दिवशी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली वाळत होते.

त्यानंतरच्या एका सकाळी मी तोंड धुऊन चष्म्याशिवाय स्वयंपाकघरात आलो, तर बायको खिडकीशी उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात झाकण.

"हलू नकोस," ती म्हणाली.

मी हललो नाही. पेरूच्या हिरव्या ढिगाऱ्यात मला काहीतरी पांढरं सरकलेलं दिसलं आणि त्यामागून काहीतरी लांब, सावकाश. दंतवैद्यांनी सांगितलेला धागाच असावा, असं मी समजून चाललो. पण बायकोला चष्मा नाही, आणि तिला धागेही दिसत नाहीत. ती ओठ घट्ट मिटून बघत होती. तिच्याकडे बघूनच मला कळलं की ती मोजते आहे.

"केळ्यावर चिलटं जमलीत," ती अगदी हळू म्हणाली. "तो चिलटं खातोय. लांबून बघणाऱ्याला वाटणार, केळंच खातोय."

पांढरं काहीतरी भिंतीवरून पलीकडे लहरत गेलं. बायकोने झाकण ओट्यावर ठेवलं आणि थेट बागेत गेली. तो बसला होता त्या फांदीशी उभी राहून तिने बोटांनी काहीतरी मापलं. परत आली तेव्हा आई आंघोळ करून बाहेर येत होती.

बायकोने सगळं एका दमात सांगितलं. पांढरा, काळं डोकं, तुरा, दोन फिती. आईने ऐकून घेतलं, टॉवेल झटकला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे गं, सूनबाई. मला बरं वाटावं म्हणून कशाला बोलतेस?"

बायकोचा चेहरा बघण्यासारखा झाला. मापात खोट आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर सांगत होतं, आणि तीही आई.

"मी?" ती म्हणाली. "आई, मी या घरात आल्यापासून तुम्हाला बरं वाटावं म्हणून एक तरी गोष्ट बोललेय का? आठवून सांगा."

आई आठवू लागली. खुर्चीत बसून तिने प्रामाणिकपणे आठवलं. तिच्या तोंडावरून वर्षं मागे मागे जाताना दिसत होती. मध्येच एकदा तिला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं, पण तिने मान हलवून तेही बाद केलं.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "एकही नाही."

"झालं तर मग."

आई खुर्चीत पुढे सरकली. मग तिने विचारलं, तो काय करत होता. बायकोने चिलटांचं सांगितलं. आईने ते दोनदा सांगायला लावलं. केळं खात नव्हता, पण केळ्यावरच झडप घालत होता. म्हणजे तिच्या डोळ्यांनी बरोबरच पाहिलं होतं, फक्त किडे तेवढे दिसले नव्हते. दंतवैद्यांनाही रविवारी दिसले नव्हते, आणि त्यांच्याकडे दुर्बीण होती, हे आईनेच लक्षात आणून दिलं. तिचा आवाज मघापेक्षा चढला होता. मग ती शेपटीवर आली. बायकोने दोन हात फाकवून दाखवले. बागेत जाऊन मापून आलेलं अंतर ते, आईने दाखवलं होतं त्याहून थोडं जास्तच.

"एवढी?" आई म्हणाली. "मी कमीच सांगितली की."

मग ती उठली आणि फोन घेऊन आली. फोनचा आवाज मोठा ठेवला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. दंतवैद्य बहुधा दवाखाना उघडत होते. आईने त्यांना सांगितलं की पक्षी परत आला, आमच्या सूनबाईंनी पाहिला, त्या वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत, आणि चिलटं हे हवेतले किडेच असतात ना, की त्यांचं तुमच्या मंडळात काही वेगळं आहे? पलीकडे दंतवैद्य नुसते हं हं करत होते. त्यांना पहिल्यांदाच तोंड उघडं ठेवून ऐकायची पाळी आली होती. आई रंगात आली.

"आणि एक नव्हता," ती म्हणाली. "दोन होते."

बायकोने डोकं वर केलं.

दंतवैद्यांनी अविश्वासाने विचारलं, दोन? आईने एक क्षणभर खिडकीतून बाहेर पाहिलं, मग फोन सरळ बायकोपुढे धरला. विचारा तिलाच, म्हणाली. दंतवैद्य म्हणाले, ताई, तुम्ही स्वतः पाहिलंत? नक्की दोन होते?

मी कित्येक दुकानदारांना बायकोपुढे घाम फुटलेला पाहिला आहे. त्या दिवशी तो तिलाच फुटला. ती आईकडे बघत होती. आई तिच्याकडे बघत नव्हती, ती टॉवेलची घडी घालत होती, आणि घडी काही केल्या जमत नव्हती.

"हो," बायको म्हणाली. "दोन होते."

दंतवैद्यांनी विचारलं, येत्या रविवारी आलं तर चालेल का? बायको म्हणाली, ते आईंना विचारावं लागेल, सकाळी त्यांना पक्ष्यांचं सगळं बघायचं असतं. फोन ठेवल्यावर बागेतला नळ ठिबकताना ऐकू येऊ लागला.

"एकच होता ना?" आईने विचारलं.

"एकच."

आईने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. बायकोने डबा उचलला, चपला घातल्या, ऑफिसला उशीर झाल्याचं आम्हाला बजावलं, जणू तो आम्हीच केला होता, आणि दारापर्यंत गेली. आई तिच्या पाठोपाठ गेली. माझी खात्री होती की आता ती आभार मानणार, किंवा निदान डोळे पुसणार.

"तू एवढ्या पटकन हो म्हणशील हे मला ठाऊक असतं," आई म्हणाली, "तर मी तीन सांगितले असते."